दोन उत्तराचे गणित

माझ्या आयुष्यात मी सगळ्यांत जास्त ऋणी आहे तो गोव्यातल्या डिचोलीच्या शाळेतल्या आमच्या गणिताच्या बाईंचा.

शनिवारी शेवटच्या तासाला बाई फळाभर एकच समीकरण लिहीत. कंसात कंस, वर्गमूळ, खाली भलामोठा छेद. वर्ग 'आई गे!' म्हणे. पाऊण तास झटापट केल्यावर उत्तर यायचे एक, नाहीतर दोन. हुशार मुलांना त्याची मजा वाटे. मला मात्र बाई आपली थट्टा करतात असे वाटायचे, कारण माझे उत्तर कधीच एक किंवा दोन येत नसे.

दहावीच्या पहिल्या चाचणीत मी गणितात नापास झालो. बाबा सिंधुदुर्गातून येऊन इथे खनिजाच्या ट्रकवर चालक झालेले. ते रागावले नाहीत. जेवताना एवढेच म्हणाले, "सहामाहीक पास झालंस तर शीक. नायतर माझ्याच गाडयेर क्लीनर म्हणान ये. मालकाक सांगान ठेवलंय." त्यात शिक्षा नव्हती. आमच्या चाळीतली बहुतेक मुले त्याच वाटेने गेली होती. पण मला शिकायचे होते, आणि आड येत होते ते फक्त गणित.

मग गणपतीची चवथ आली. बाबांना माटोळीची, त्यांच्या भाषेत माटवीची, फार हौस. गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगून तिला फळे आणि रानातल्या वेली बांधायच्या, हे काम ते दुसऱ्या कुणाला करू देत नसत. दुसऱ्या दिवशी बाई दर्शनाला आल्या आणि वर बघतच राहिल्या.

"कोणी बांधली ही?"

"मीया," बाबा खुशीत म्हणाले. मग माझ्याकडे बोट करून, "ह्याका ह्या पण येवचा नाय, नि तुमचा गणितय येवचा नाय. फुकट त्रास घेतास बाई तुमी."

"ते बघू मागीर. आधी काय बांधता?"

"जड ता आधी. नारळ, सुपारीचो घड. मगे चिबूड, तोरिंजन. हलक्या सगळ्या शेवटाक."

"आणि सोडताना?"

बाबा हसले. "सोडताना उलट्या. शेवटी बांधला ता पयला सोडूचा. आधी नारळाक हात घातलास तर सगळी माटवी गणपतीच्या डोक्यार!"

बाई माझ्याकडे वळल्या. "ऐकलंस? चाचणीत तू थेट नारळच ओढलास."

मी गोंधळलो. बाईंनी प्रसादाच्या करंजीखालचा कागद उलटा केला आणि पेन काढले. "एक उत्तर धर. दोन. त्याला एकेक वस्तू बांध."

दोनात सात मिळवले, नऊ झाले. त्याचे वर्गमूळ तीन. एक वजा केला, तिनाने गुणले, चार मिळवले, झाले दहा. पाचाने भागले तर पुन्हा दोनच. मग बाईंनी पहिल्या दोनच्या जागी क्ष लिहिला, आणि तेच शनिवारचे भयंकर गणित माझ्यासमोर उभे राहिले. मी क्षच्या शेजारचे सात आधी काढायला धावत असे. खरे तर सुरुवात व्हायला हवी होती शेवटच्या पाचापासून.

"आता तू एक बांध," बाई उठताना म्हणाल्या. "सुट्टी संपली की तुझंच फळ्यावर घालीन."

विसर्जन होईपर्यंत मी तेच करत बसलो. एकदा बाबांनी माझा कागद हातात घेतला, उभा-आडवा करून पाहिला.

"उत्तर काय ह्येचा?"

"दोन."

"दोनासाठी येवढी माटवी?" म्हणत त्यांनी आईला हाक मारून तो कागद दाखवला.

सुट्टीनंतरच्या पहिल्या शनिवारी बाईंनी माझे समीकरण फळ्यावर लिहिले. ते कुणाचे, हे सांगितले नाही. वर्ग 'आई गे!' म्हणाला. फळा भरलेला असताना मला भीती वाटली नाही, असे त्या दिवशी पहिल्यांदा झाले. सहामाहीत मी जेमतेम पास झालो. बाबांनी निकाल बघितला. दुसऱ्या दिवशी मालकाकडे जाऊन क्लीनर दुसरा बघायला सांगून आले.

पुढे कॉलेज झाले. त्यानंतर मी बाईंना पाठवलेले पत्र असे होते:

"बाई, नमस्कार.

गेल्या महिन्यात निकाल लागला. गणित घेऊन मी बी. एस्सी. झालो. आमच्या घरात पदवी पहिलीच. बाबांनी ती बातमी वाटेतल्या प्रत्येक चहाच्या गाड्यावर सांगितली आहे, तेव्हा तुमच्यापर्यंत ती आधीच पोचली असेल.

पेडण्यात, केरीच्या बाजूच्या एका शाळेत मला तात्पुरती जागा मिळाली आहे. पहिल्याच शनिवारी मी फळा भरला. उत्तर एक. ते निघाल्यावर मागच्या बाकावरची एक मुलगी उठून म्हणाली, 'सर, उत्तर एकच होतां, मगे तुमी सरळ एकच कित्याक लिवलां नाय?' वर्ग हसला, मीही हसलो. उत्तर तिला सोमवारी सांगतो म्हणालो आहे.

तुम्हाला आम्ही हे कधी विचारले नाही. विचारले असते, तर तुम्ही काय सांगितले असते? रविवारी सकाळच्या बसने डिचोलीला येतो. घरी असा."