भाऊजींनी विकलेली स्कूटर

माझ्या ताईला सवत होती आणि ती घरातच, जिन्याखाली राहायची. रंग फिकट निळा, आवाज खणखणीत. आमचे भाऊजी रोज सकाळी चहाच्याही आधी तिला मऊ फडक्याने पुसायचे. स्वयंपाकघरातला नळ महिनोन्‌महिने ठिबकत राहिला तरी त्यांना ऐकू येत नसे, पण स्कूटरचा आरसा जरा सैल झाला की तासाभरात पाना बाहेर. ‘सवत’ हे नाव ताईनेच ठेवलेलं. सुरुवातीला चेष्टेत ठेवलं असावं. पुढे पुढे ते नाव घेताना ती हसेनाशी झाली.

भाऊजींचा धंदा किल्ल्यांचा. बाजाराच्या कोपऱ्यावर औषधांच्या दुकानाला चिकटून त्यांची टपरी आहे. आत दुसरा माणूस मावत नाही. भिंतभर खिळ्यांना कोऱ्या किल्ल्या लटकलेल्या, पुढ्यात किल्ल्या घासायचं यंत्र, आणि भाऊजींच्या नखांत कायमची पितळेची पूड. कुणाचं कपाट अडलं, कुणी किल्ली आत ठेवून दार ओढून घेतलं, की भाऊजींना बोलावणं येतं. अर्ध्या गावाच्या कुलपांच्या किल्ल्या करणाऱ्या या माणसाने स्वतःच्या स्कूटरची दुसरी किल्ली मात्र कधी केली नाही. होती ती एकच, दिवसा खिशात आणि रात्री उशीखाली.

“दुसरी किल्ली म्हणजे दुसरा मालक,” असं ते म्हणायचे.

मी त्यांचा धाकटा मेहुणा. मेहुण्याचे लाड होतात असं नुसतं ऐकून आहे. एकदा स्कूटरला टेकून उभा राहिलो तर म्हणाले, “भिंत आहे का ती?” ताईची तऱ्हा माझ्याहून थोडी बरी, म्हणजे तिला मागे बसायची परवानगी होती. पण अंग चोरून, हात सीटमागच्या दांडीला. खांद्याला धरलं की भाऊजींचा तोल जायचा म्हणे. “मला शिकवा ना हो,” असं ती म्हणाली की उत्तर ठरलेलं. “गिअरची गाडी आहे. बायकांचं काम नाही.”

मग भाऊजींचे गुडघे गेले. एकदा किक मारताना अशी कळ आली की जिन्याखालीच खाली बसले. डॉक्टरांनी स्कूटर बंद म्हणून सांगितलं, भाऊजींनी आठवडाभर डॉक्टरांना नावं ठेवली आणि अखेर गाडी विकायला काढली. माझ्या तोंडाला पाणी सुटलं, खोटं कशाला बोलू! मी रीतसर मागितली. म्हटलं, बाहेरचा देईल ती किंमत देतो.

“तुला नाही देणार,” भाऊजी म्हणाले. “तू तिच्यावर बसून आमच्याच दारात येशील. ते मला बघवायचं नाही.”

त्यांना गिऱ्हाईक लांबचं हवं होतं. आणि घेतली कुणी, तर समोरच्याच इमारतीतल्या नर्सबाईने. तिला सगळे सिस्टर म्हणतात. ती लवकरच दवाखान्याच्या क्वार्टर्समध्ये राहायला जाणार होती, घासाघीस न करता पैसे देत होती आणि वर “काका, मी जपेन हो तिला,” असंही म्हणाली. भाऊजी विरघळले. ते क्वार्टर्स तिला आजतागायत मिळालेले नाहीत.

मी एका नोटरीच्या ऑफिसाबाहेर टेबल टाकून टायपिंग करतो. घरभाड्याचे करार, प्रतिज्ञापत्रं, जुन्या गाड्यांची विक्रीपत्रं, हाच माझा धंदा. त्यामुळे जिच्यावर माझा डोळा होता तिची लिखापढी माझ्याच बोटांनी झाली. ज्याचं जळतं त्यालाच कळतं. मी इंजिन नंबर टाइप करत होतो आणि भाऊजी मागे उभं राहून सांगत होते, “लिही, डाव्या बाजूला ओरखडा, जुना. लिही, हॉर्न उत्तम. लिही, आजवर दुसऱ्या कुणीही चालवलेली नाही.”

“भाऊजी, गाडी विकताय. मुलगी सासरी नाही पाठवत आहात.”

सिस्टर हसली. भाऊजी हसले नाहीत. शेवटी मी ताबा दिल्याची तारीख आणि वेळ घातली. ती घालायचीच असते, कारण त्या घटकेनंतर गाडीने जे काही केलं ते घेणाऱ्याच्या माथी. सह्या झाल्या, साक्षीदार झाले. किल्ली द्यायची वेळ आली तेव्हा भाऊजींची मूठ काही केल्या उघडेना. ताईने कोपराने ढोसलं तेव्हा उघडली.

राहिला नाव बदलायचा फॉर्म. त्यावर विकणाऱ्याने सही करून दिली नाही, तर सरकारच्या लेखी गाडी जुन्याच मालकाची राहते. इथेच घोडं पेंड खात होतं. सिस्टर फॉर्म मागायची, तेव्हा कधी भाऊजींचा फोटो काढायचा राहिलेला असे, कधी चष्मा सापडत नसे. तिच्या ड्युटीच्या पाळ्या वेड्यावाकड्या, आठवण करून करून ती दमली. फॉर्म कपाटात, शर्टांच्या घडीखाली पडून राहिला.

“भाऊजी, उद्या तिने कुणाला धडक दिली तर पोलीस तुमच्या दारात येतील,” मी बजावलं.

“येऊ देत. खरा मालक कोण, ते तरी लोकांना कळेल.”

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, तो असा. सिस्टर कामावर निघायच्या वेळी भाऊजी चहाची कपबशी घेऊन खिडकीत बसायचे आणि जळफळायचे. किक कशी मारते बघा. आज पुसलीच नाही. क्लच असा सोडतात होय! ताई पोळी करता करता आतून विचारायची, “पोहोचली का सवत रस्त्याला?”

मग दंडाचे मेसेज यायला लागले. चौकातले कॅमेरे गाडीचा नंबर टिपतात आणि मेसेज जातो तो कागदोपत्री मालकाला. सिग्नलला सिस्टरचं पुढचं चाक पांढऱ्या पट्ट्यावर गेलं आणि भाऊजींच्या फोनवर स्कूटरचा फोटो आला. दुसरा कुणी असता तर त्याच्या अंगाचा तिळपापड झाला असता. भाऊजींनी तो फोटो टपरीवर आलेल्या गिऱ्हाइकांना दाखवला. बोटांनी मोठा करून मलाही दाखवला. “बघ, अजून माझ्याच नावावर आहे.” दंड सिस्टर बिचारी भरून टाकायची आणि पुन्हा फॉर्मची आठवण करायची.

एके दुपारी ते माझ्या टेबलाशी आले. फोन माझ्यापुढे धरला. या वेळचा फोटो पोलिसाने समोरून काढला होता. स्कूटर तीच. मागे सिस्टर बसली होती. आणि पुढे, हँडल दोन्ही हातांत घट्ट धरून, आमची ताई. पोलिसाने अडवलं होतं, परवाना नव्हता, दंड होणार होता, आणि तरी ती तोंडभर हसत होती. इतकी हसताना मी तिला लहानपणानंतर पाहिली नव्हती.

“महिनाभर शिकतेय म्हणे,” भाऊजी म्हणाले. “दवाखान्यामागच्या मैदानात. मी विचारलं तर म्हणते, तिसऱ्या गिअरपर्यंत येतं. आणि मागे बसून ती सिस्टर हिच्या खांद्याला धरते!”

त्यांना नक्की कुणाचा हेवा वाटत होता, हे त्यांनाही सांगता आलं नसतं. सिस्टरचा, स्कूटरचा, की ताईचा? मला मात्र सरळसरळ ताईचा वाटला. मला टेकूसुद्धा दिलं नव्हतं.

दंडासोबत नोटीसही होती. विनापरवाना व्यक्तीस वाहन चालवण्यास दिल्याबद्दल मालकाने समक्ष हजर राहावे. ती वाचून मला इतकं हसू आलं की शेजारचा झेरॉक्सवाला उठून बघायला आला. ज्या माणसाने आयुष्यात बायकोला हँडलला हात लावू दिला नाही, त्याच्यावर आरोप हा, की बायकोला गाडी दिली!

“उपाय सोपा आहे,” मी म्हटलं. “विक्रीचा कागद दाखवा. त्यावर तारीख आहे, वेळ आहे. तुम्ही सुटलात.”

“म्हणजे गाडी त्या सिस्टरची आहे, असं मीच माझ्या तोंडाने सांगायचं?”

“आहेच तिची.”

“आणि हिला गाडी दिली ती तिने, हेही सांगायचं?”

मी नोटिशीची घडी घालून त्यांच्या खिशात ठेवली.

ठरल्या दिवशी आम्ही चौघं वाहतूक पोलिसांच्या कचेरीत गेलो. लांबट खोली, भिंतीला टेकवलेली बाकं, एका टेबलावर पंख्याने उडू नयेत म्हणून दगडाखाली दाबलेले कागद. सिस्टर रात्रपाळी करून थेट आली होती. विक्रीचा कागद तिने हातातच धरला होता. “काका, हा दाखवा आणि मोकळे व्हा. दंड मी भरते.” भाऊजींनी तिच्याकडे पाहिलंही नाही.

कारकुनाने नंबर विचारला, नाव जुळवलं. “गाडीचे मालक?”

“मीच.”

“या बाईंना गाडी चालवायला तुम्ही दिली होती?”

भाऊजींनी छाती पुढे काढली. “हो. माझी बायको आहे ती. मीच दिली.”

दंड बसेल, नाव खराब होईल, पण गाडी आपली आणि दिली आपणच, एवढं त्यांना कागदावर हवं होतं. कारकून लिहायला वाकला आणि ताई बाकावरून उठली.

“तसं लिहू नका साहेब,” ती म्हणाली. “यांनी नाही दिली. यांनी कधीच नाही दिली.”

खोलीतली माणसं वळून बघायला लागली. भाऊजींचा चेहरा लाल झाला. “अगं, तू धड मागितलीस का कधी?”

“लग्न झाल्यापासून मागतेय,” ताई म्हणाली. आवाज चढला नव्हता, भांडणाचाही नव्हता. “पण मी बोलायचे तेव्हा तुम्ही तिला पुसत असायचात.”

कारकुनाने पेन खाली ठेवलं. “मग मी लिहू काय?”

भाऊजींनी सिस्टरपुढे हात केला, तिच्याकडून कागद घेतला आणि कारकुनासमोर ठेवला.

“विकलीय मी,” ते म्हणाले. आवाज इतका बारीक होता की कारकुनाने पुन्हा विचारलं, आणि त्यांना ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं.