श्रावणातली दाढी

"लॅरिंक्सचा कॅन्सर आहे," मोठे डॉक्टर म्हणाले. लॅरिंक्स म्हणजे स्वरयंत्र. "लवकर सापडलाय. किरणांनी बरा झाला तर आवाज राहील. नाहीतर स्वरयंत्र काढावं लागेल."

मी महाड डेपोचा कंडक्टर. पोलादपूरवरून आमच्या गावाला, कापड्याला जाणाऱ्या गाडीत अठरा वर्षं ओरडून पोट भरलं. आवाज बसला तेव्हा चार महिने हळद-दुधावर काढले. तुम्ही असा शहाणपणा करू नका. तीन आठवड्यांत घसा सुटला नाही तर डॉक्टर गाठा.

रेडिओथेरपी, म्हणजे किरणांचे उपचार, मुंबईत सहा-साडेसहा आठवडे चालणार होते. आम्ही नवराबायकोनं मुलुंडला मेहुण्याकडे मुक्काम ठोकला. रोज मला बघायला एक रेसिडेंट होती. रेसिडेंट म्हणजे डॉक्टर होऊन याच विषयाचं पुढचं शिक्षण घेणारी. माझ्या लेकीच्या वयाची, मला काका म्हणायची. मनात आलं, झालं, आपला गळा शिकाऊ लायसन्सवाल्याच्या हाती!

गरम पाण्यात मऊ केलेली प्लास्टिकची जाळी माझ्या तोंडामानेवर दाबून तिनं मास्क तयार केला. तो टेबलाला अडकवला की मान हलत नाही. मग फिजिसिस्टनी, म्हणजे किरण कुठून आणि किती सोडायचे ते ठरवणाऱ्या साहेबांनी, त्यावरून सगळं गणित मांडलं.

तेव्हा श्रावण चालू होता. आमच्यात श्रावणात दाढीला हात लावत नाहीत. अमावास्या सरली आणि दुसऱ्या दिवशी सकाळीच मी न्हाव्याकडे निघालो.

बायको म्हणाली, "अवं, डॉक्टरणीला इचारलंत काय?"

"गो, मानेला वस्तरा नको म्हणालीय. कात्रीला कुठं मनाई हाय?"

कंडक्टरला नियमातली फट बरोबर सापडते. दाढी कात्रीनं अगदी बारीक करून घेतली.

त्या दिवशी डॉक्टरणीनं मास्क बसवला, जबड्याशी बोट घातलं. बोट सहज आत गेलं. "काका, आवंढा गिळा." मी गिळला. "आज मशीन सुरू करायचं नाही," ती म्हणाली. बाहेर रांग लागलेली, टेक्निशियन कुरकुरला. ती हटली नाही. फिजिसिस्ट आले, मोजलं. दाढीवर बसवलेला मास्क आता सैल झाला होता, मान जागेवरून हलत होती.

नवा मास्क, नवं गणित, यात दोन दिवस बुडाले. मला धास्ती बसली. या दोन दिवसांपायी आवाज गेला तर? तिनं माझ्यासमोरच मोठ्या डॉक्टरांना सांगितलं, "सर, दाढी दिसत होती. कधी काढणार, हे मी विचारायला हवं होतं. चूक माझी."

मी घोगऱ्या आवाजात म्हटलं, "साहेब, त्यात हाफ तिकीट माझं." मोठे डॉक्टर हसले. बुडालेले दोन दिवस शेवटी भरून देऊ म्हणाले. त्या दिवसापासून मी तिच्यावर डोळे मिटून भरवसा ठेवला.

पुढे घसा सोलवटला. पेजेचा घोटही टोचायचा. होतं तसं, भिऊ नका, पण डॉक्टरांना सांगा.

काही महिन्यांनी घशात दुर्बीण घालून तपासलं. गाठ गेली होती. ती पोरगी म्हणाली, "काका, आता गाडीत ओरडता तसं ओरडा बघू."

मी छाती भरून घेतली. "चला, कापडे! कापडेवाले उतरून घ्या!"

बाहेर बाकावर डुलकी घेणारी माझी बायको पिशवी उचलून दारात येऊन उभी राहिली.