चौदा फायली आणि एक पाकीट

निवेदिताला आयुष्यात दोन गोष्टी पक्क्या जमल्या. वडिलांचं करणं आणि कागदाला बरोबर मधोमध भोक पाडणं. पहिलीत तिची अकरा वर्षं गेली. दुसरी ती नवव्या वर्षी शिकली आणि तिथेच तिचं वाटोळं झालं. मी तिची शेजारीण, नेवाशाच्या शाळेत तिच्याच बाकावर बसलेली. त्यामुळे तिच्यावर रागवायचा आणि तिच्या वतीने रागवायचा, दोन्ही हक्क मला आहेत.

तिचे वडील शरच्चंद्रकाका सरकारी कचेरीत रेकॉर्ड सांभाळायचे. घरी आले तरी ते कचेरीतच असायचे. लाइटची बिलं, लग्नपत्रिका, काकूंच्या आजारपणातल्या डॉक्टरांच्या चिठ्ठ्या, सगळं भोक पाडून फायलीच्या लेसमध्ये ओवलेलं. काकूंच्या मृत्यूचा दाखलाही त्यांनी तेराव्याच्या आत फायलीला लावला. कौतुकाचा शब्द मात्र त्यांच्या तोंडून निघायला मुहूर्त लागायचा.

या माणसाकडे क्रिकेटपटूंची चित्रकार्डं होती. त्यांचे मामा इंग्रजांच्या काळात नगरच्या कॅम्पात नोकरीला होते. साहेबलोकांच्या सिगारेटच्या पाकिटांतून निघणारी कार्डं मामांनी जमवली आणि पुढे ती भाच्याकडे आली. काकांनी त्यात च्युइंगगमबरोबर मिळणाऱ्या चित्रांची भर घातली. पण सुटे कागद त्यांना सोसायचे नाहीत. म्हणून रविवारी सकाळी ते निवेदिताला समोर बसवत आणि पंचिंग मशीन तिच्या हातात देत. कागदाची पट्टी दुमडून मध्य काढायचा, पेन्सिलीने खूण करायची, मग दाबायचं. भोक नीट पडलं की काका म्हणत, "छान."

पाचशेवर कार्डं होती. म्हणजे वर्षभरात तेवढ्या वेळा तिला छान म्हटलं गेलं. पुढच्या पंचेचाळीस वर्षांत बहुधा एकदाही नाही. भोकातून पडणाऱ्या रंगीत टिकल्या तिने कुंकवाच्या करंड्यात साठवल्या. धाकट्या सुहासला काका त्या कामाच्या आसपास फिरकू देत नसत. बाबांनी ते काम फक्त मला दिलं, हे ती पन्नाशी उलटल्यावरही मान ताठ करून सांगायची, आणि मी तोंड फिरवून हसायचे. मी काही चांगली बाई नाही.

सुहास इंजिनियर होऊन पुण्याला गेला. निवेदिताला स्थळं आली, ती काकांनी पत्रिकेवरून परतवली. मग ते अंथरुणाला खिळले आणि तिने बालवाडीतली नोकरी सोडली. भांडं देणं, कूस बदलणं, इन्सुलिन टोचणं, शिव्या खाणं. सुहास दिवाळीला यायचा, बिनसाखरेची मिठाई घेऊन.

गेल्या वर्षी काका गेले. मृत्युपत्रात घर आणि त्यामागची जागा सुहासला, निवेदिताला कार्डांच्या चौदा फायली. मी संतापले. ती मलाच समजावू लागली, "अगं, बाबांचा जीव होता त्यात. जीव माझ्याकडे दिला त्यांनी." सुहासने घराचं गिऱ्हाईक ठरवलं आणि तिला दिवाळीपर्यंत मुदत दिली. त्यानंतर कुठे राहायचं, याचं उत्तर त्या चौदा फायलींतच होतं. जुन्या कार्डांना लाखांनी किंमत येते, असं तिने कुठेतरी वाचलं होतं. तिने पुण्याहून अमृत नावाच्या जाणकाराला बोलावून घेतलं.

तो आला त्या दुपारी मी चहा करायला होते. सुहासही आला होता, गंमत बघायला. अमृतने पहिली फाईल उघडली आणि त्याचा चेहरा उतरला. दुसरी, तिसरी. भिंग त्याने खिशातून काढलंच नाही. प्रत्येक खेळाडूच्या छातीत भोक होतं, अगदी मधोमध.

"ताई," तो म्हणाला, "ही कोरी असती तर सहा-सात लाख आले असते. भोक पडलं की कार्ड मेलं. मी चार हजार देऊ शकतो, तेही हौस म्हणून."

सुहास पोट धरून हसला. टिकल्या आहेत ना जपून ठेवलेल्या, मग बस आता डिंक घेऊन, असं तिला म्हणाला. बाबांना बिचाऱ्यांना हे ठाऊक नव्हतं, एवढंच निवेदिता म्हणाली. ठाऊक असतं तर त्यांनी भोकं पाडू दिली असती का? पैसा गेला, डोक्यावरचं छप्पर गेलं, पण ते रविवार तिच्याकडे शाबूत होते. मला वाटलं, चला, तेवढं तरी राहू दे तिच्याकडे.

तेही राहायचं नव्हतं. चौदाव्या फायलीच्या पुठ्ठ्याला मागून कागद चिकटवलेला होता, त्यातून अमृतने एक तपकिरी सरकारी पाकीट ओढून काढलं. त्यावर काकांचं टपोरं अक्षर: चि. सुहास याजकरिता. किमती. भोक पाडू नये. खाली तारीख, एकोणऐंशी सालातली. त्या रविवारांच्या वर्षातली.

आत एकच कार्ड होतं, बिनभोकाचं, चारही कोपरे शाबूत. चित्र उलटं छापलं गेल्याने उजवा फलंदाज डावरा दिसत होता. अमृतने आता भिंग काढलं. बऱ्याच वेळाने तो म्हणाला की अशी चुकलेली छपाई दुर्मिळ, हे एकटं सव्वादोन लाखांना जाईल. सुहासचं हसू थांबलं. "नाव माझं आहे," म्हणत त्याने हात पुढे केला.

निवेदिता पाकिटावरची अक्षरं वाचत होती. दोनदा, तीनदा. मग तिने कार्ड अमृतच्या हातून अलगद घेतलं आणि टेबलाचा खण उघडला. कागदाची एक पट्टी फाडली, दुमडली, मध्य काढला, पेन्सिलीने खूण केली. ती काहीतरी मोजते आहे असंच आम्हाला वाटलं. खणातल्या पंचिंग मशीनमध्ये कार्ड सरकलं तेव्हा सुहास खुर्चीतून उठला, पण तिने तोवर दाबलं होतं.

सुहास तिला काय काय बोलला ते मी लिहीत नाही. तिने कार्ड चौदाव्या फायलीच्या लेसमध्ये ओवलं, गाठ मारली, टेबलावर पडलेली टिकली बोटाने उचलली आणि अमृतकडे बघून विचारलं, "आता हे बाकीच्यांएवढंच झालं ना?"

अमृतने होकारार्थी मान हलवली.

"छान," ती म्हणाली.