फाटकावरचा गुड बाय

उस्मानाबादला तंत्रशाळा नवी निघाली, तेव्हा फाटकावर एक म्हातारे चाचा होते. त्यांचं नाव मी कधी विचारलं नाही. आम्हा नव्या पोरांच्या स्वागताला परदेशी साहेब येणार होते. शेरवानीची बटणं लावत चाचांनी मला विचारलं, "बेटा, 'या, बसा'ला इंग्रजीत काय म्हणायचं?"

"गुड बाय," मी म्हणालो.

चाचांनी झुकून साहेबांना "गुड बाय" केलं. सगळे हसले. चाचांना फाटकावरून काढून झाडांना पाणी घालायला लावलं. 'गुड बाय' शिकवणाऱ्याचं, म्हणजे माझं, नाव त्यांनी सांगितलं नाही. मीच मित्रांत थट्टा केल्याची फुशारकी मारली. खरं तर मला इंग्रजी येतच नव्हतं.

महिन्यानं चाचांनी कळशी खाली ठेवून हळूच विचारलं, "बेटा, आता आलं का तुमाला इंग्रजी?"

मी मान डोलावली.

"मग मलाबी सांगा."