करुणानं नाकारलेली खुर्ची

करुणा मला आवडत नाही. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं तिचं कौतुक निघालंच तर ते नाइलाजानं आहे हे कळेल.

ती सिल्लोडकडची. तिचे वडील, सांडू, तिथल्या बाजार समितीत मक्याची पोती उचलतात. ती विद्यापीठात एम.ए. करते आणि माझ्यासारखीच ‘कमवा आणि शिका’ योजनेत आहे. सकाळी बागेत खुरपायचं, पाणी द्यायचं, पालापाचोळा गोळा करायचा; त्यावर मेस आणि फी भागते. मी स्कार्फनं डोळ्यांपर्यंत तोंड बांधून खुरपायला बसायची. आमच्या गारखेड्यातला कोणता काका गाडीवरून जाईल याचा नेम नाही! आणि ही बया उघड्या तोंडानं, पाइप हातात धरून, आमच्याच प्राध्यापकांना अडवणार, “सर, दमानं, चिखल हाय!” सरही हसून थांबायचे, घरची चौकशी करायचे. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

मला हवी होती ग्रंथालयातली जागा. सावली, खुर्ची, गळ्यात ओळखपत्र. घरी सांगण्यासारखं काम. तिथली मुलगी शिक्षण संपवून गेली, तेव्हापासून मी योजनेच्या सरांच्या केबिनभोवती घिरट्या घालत होते. शेवटी सर बागेत आले आणि त्यांनी नाव घेतलं ते करुणाचं! मी खुरपं असं हाणलं की गुलाबाचं मूळच तुटलं.

“नाय सर,” करुणा म्हणाली, “तिथं बोलायची बंदी. दोन तास गप बसून मला ताप भरंल. मोनिकाला द्या, तिला ऊन सोसत नाय.”

ऊन! मी तोंड कशासाठी बांधते हे तिला चांगलं ठाऊक होतं. तरी तिनं उन्हाचं नाव पुढं केलं. तिनं टोमणा मारला असता तर मला एवढं झोंबलं नसतं.

आता ती खुर्ची माझी आहे. काल करुणा पुस्तक परत करायला आली, पाय चिखलानं माखलेले. “मोनिका, कशी हायेस गं?” अख्ख्या वाचनकक्षानं माना वर केल्या. मी तोंडावर बोट ठेवलं. ती हसत बाहेर पडली आणि तिच्यामागं चार-पाच मुली चहाला उठल्या. रोज माझ्यासमोर बसणाऱ्या मुली! त्यातली एक दारातून वळली. “मोनिका, येतेस का?”

माझं नाव तिला आत्ताच कळलं होतं. तेही करुणामुळं.