अक्काला न मिळालेली शिफारस

खापरहून येणाऱ्या मोटारीच्या ड्रायव्हरने निरोप आणला, तेव्हा मी नंदुरबारला आमच्या गच्चीवर मिरच्या वाळत घालत होते. खालूनच त्याने हाक मारली, "ताई, तुमनी अक्का गई." डोंगरातल्या पाड्यावर कुणाचं बाळंतपण करायला गेली, हिवताप घेऊन आली आणि चार दिवसांत संपली. दीड महिना झाला त्याला. राग निवला की लिहीन, असं ठरवलं होतं. तो निवत नाही, म्हणून तसाच लिहिते.

अक्का माझी थोरली बहीण. धानोऱ्याला दिली होती. दोन वर्षांत कपाळ पांढरं झालं आणि सासरच्यांनी तिला आमच्या दारात आणून सोडलं. वडील शाळामास्तर. लोक काय म्हणतील याची पर्वा न करता त्यांनी तिला धुळ्याला सुईणीचं काम शिकायला पाठवलं. परत आल्यावर आसपासच्या गावांतून तिला बोलावणी येऊ लागली. बैलगाडी आली तर गाडीने, नाहीतर पायी. एका शेटजींच्या सुनेचं बाळ पायाळू होतं, घरच्यांनी आशा सोडली होती. अक्काने दोघांनाही वाचवलं. त्या दिवशी शेटजी तिच्यापुढे हात जोडून रडले होते, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

पुढे खापरच्या दवाखान्यात सुईणीची जागा निघाली. अर्जासोबत प्रतिष्ठित गृहस्थांची दोन शिफारसपत्रं हवीत, कामाबद्दल आणि चारित्र्याबद्दल. अक्का निर्धास्त होती. आम्ही दोघी शेटजींच्या पेढीवर गेलो. त्यांनी चहा मागवला, नातवाला आणून अक्काच्या मांडीवर बसवलं, आणि पत्राचं नाव काढताच गादीवर मागे सरकले.

"तोंडवरी कितीबी सांगा, सांगसू. पन कागदवर मन्हं नाव नको, बेन. उद्या काही उलटं व्हयनं ते?"

उलटं म्हणजे काय, ते त्यांनी सांगितलं नाही. तरण्या विधवेपुढे असले शब्द अर्धेच टाकायचे असतात... अक्काने मुलाला हळूच खाली ठेवलं आणि उठली.

दोनांपैकी एकच पत्र मिळालं, तिच्या थोरल्या दिरांचं. गावात मान असलेला माणूस! 'कामात हुशार आहे. एकटी फिरते.' एवढंच. मी ते वाचून फाडायला निघाले, तर तिने माझ्या हातातून काढून घेतलं.

"खोटं काय लिखं शे त्यास्नी? एकलीच फिरस ना मी."

आणि तिने ते अर्जाला जोडलं. कचेरीतल्या साहेबांनी नेमकं त्या दोन शब्दांवर बोट ठेवलं.

"एकट्या कुठे फिरता?"

"जिथं बाई अडलेली असते तिथं, साहेब."

जागा दुसरीला मिळाली. तिच्याकडे उत्तम पत्रं होती. एक पावसाळा खापरला काढून ती निघून गेली. मग अक्काला बोलावणं आलं, हंगामी म्हणून. कायम करायचं तर शिफारसपत्रं लागणार, म्हणून ती मरेपर्यंत हंगामीच राहिली. दर वर्षी नव्याने नेमणूक, दर वर्षी तीच टांगती तलवार. ती पुन्हा कुणाच्या दारी पत्र मागायला गेली नाही.

आणि आता, ती गेल्यावर, नंदुरबारला शोकसभा झाली. अध्यक्ष शेटजी! जाड कागदावर छापलेला ठराव माझ्याकडे आला. 'निष्कलंक चारित्र्य', 'निःस्वार्थ सेवा', आणि खाली प्रतिष्ठित गृहस्थांच्या सह्या. त्यात तिच्या दिरांची ठसठशीत. मी तो कागद घेऊन तशीच पेढीवर गेले.

"शेटजी, हे तेव्हा का नाही लिहिलंत?"

त्यांना मनापासून नवल वाटलं. म्हणाले, "तवय ती जित्ती व्हती, बेन. जित्ता मानूसनी हमी कोन देई?"

मी कागद त्यांच्या गादीवर ठेवला आणि बाहेर पडले. त्यांनी तो परत पाठवला. मी पुन्हा परत केला.

गेल्या आठवड्यात अक्काचं सामान आणायला खापरला गेले होते. बाजाराचा दिवस होता. दवाखान्यात नवी बाई आली आहे, कागदपत्रं चोख असलेली. तिचा दोष नाही. पण डोंगरातून उतरलेल्या बाया तिच्याकडे न जाता अक्काच्या खोलीच्या ओट्यावर बसल्या होत्या. अक्का गेली हे त्यांना ठाऊक होतं, तरी बाजार झाला की इथे येऊन टेकायची त्यांची सवय मोडली नव्हती. त्यातली एक पोटुशी बाई मला निरखून बघत म्हणाली, "तू बाईनी कोन?"

"बहीण," मी म्हटलं.

तिने माझा हात धरून आपल्या पोटावर ठेवला. मला यातलं काही कळत नाही, असं मी तिला सांगितलं. तिने मान हलवली, पण हात सोडला नाही. थोड्या वेळाने तळव्याखाली काहीतरी हललं.