गाठीचे टक्के

आमच्या फुफ्फुसाच्या कॅन्सरच्या ओपीडीतले जुने केसपेपर रेकॉर्ड रूमला जातात. किस्से मात्र आम्हा डॉक्टरांच्या डोक्यातच साचतात! त्यातले निम्मे एकाच तपासणीचे. शरीराच्या प्रतिकारशक्तीला कॅन्सरशी लढायला लावणारी इम्युनोथेरपी कुणाला लागू पडेल, याचा अंदाज घ्यायला आम्ही गाठीचा तुकडा पीडी-एल-वन तपासणीला पाठवतो. त्या नावाचं प्रथिन गाठीच्या किती पेशींवर आहे, त्याचे टक्के रिपोर्टात येतात. जास्त टक्के, तर जास्त आशा. आशाच हां, गॅरंटी नव्हे!

*

डिचोलीचे एक निवृत्त मास्तर. रिपोर्ट ऐंशी टक्के. ऐकल्याबरोबर खुर्चीत ताठ बसले.

"डिस्टिंक्शन! जन्मभर दुसऱ्यांना दिलं, मला पहिल्यांदाच मिळालं!"

शेजारी मुलगी हसता हसता रडायला लागली. मास्तर म्हणाले, "रडतेस काय? पास झालोय!"

औषध लागू पडलं. अजून तपासणीला येतात आणि आमच्या ज्युनियर डॉक्टरांचं मराठी सुधारून जातात.

*

सावंतवाडीकडचे एक काका, खाणीवर ट्रक चालवणारे. तुकडा इतका लहान निघाला की तपासणी पुरी होईना. पुन्हा बायोप्सी म्हटल्यावर भडकले.

"पयलो तुकडो खंय गेलो?"

"तपासणीतच संपला, काका."

 काका शर्टाची बटणं काढायला लागले. "घे तर. पण ह्या खेपेक मोठो काढ. तिसऱ्या खेपेक माका धीर होवचो नाय."

*

पेडण्याची एक सून सासूचा रिपोर्ट घेऊन धावतच आत आली. "डॉक्टर, शून्य! म्हणजे आता रोगच नाही मगो?"

सगळ्या घराला फोन करून झाले होते. मी तिला बसवलं. शून्य रोगाचं नव्हे, त्या प्रथिनाचं. एकट्या इम्युनोथेरपीवर भिस्त ठेवता येणार नाही, सोबत केमो द्यावी लागेल, असं समजावलं. तिने ओढणीने तोंड पुसलं.

"आईंना आजचा दिवस सांगू नका. कितीतरी दिवसांनी त्यांनी आज जेवायला मागितलंय."

"उद्या दोघी या," मी म्हटलं.

*

शालिनी मोरजीची, मंदा साखळीची. दोघींच्या नवऱ्यांना एकाच दिवशी, एकाच वॉर्डात सलाईन लागायचं. सलाईन संपेपर्यंत या दोघी बाहेर एका डब्यात जेवायच्या. शालिनीच्या नवऱ्याचे टक्के भरपूर, मंदाच्या नवऱ्याचे जेमतेम. रिपोर्ट आले त्या दिवशी शालिनीच मंदाला धीर देत बसली होती.

पण शालिनीच्या नवऱ्याला औषध लागू पडलंच नाही. गेला.

मंदाच्या नवऱ्याचा स्कॅन झाला, त्या सकाळी शालिनी ओपीडीत हजर! मी चमकले. "तुम्ही आज?"

"मंदा एकटी कशी ऐकेल, डॉक्टर?"

नवरा बाहेर बाकावर बसला, दोघी आत आल्या. मी स्कॅन दाखवला. गाठ निम्म्याहून लहान झाली होती.

 मंदा मान खाली घालून बसून राहिली. शालिनीने तिची हनुवटी धरून तोंड वर केलं.

"हांस गो," ती म्हणाली. "हांस मगो!"